दिसेनासे झालेले दोन डाग

११ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

हाताला निळा रंग लागलाय, तो कागदालाही लागणार, चालवून घे. फोनच करणार होते. पण फोनवर तू आधी रडतेस, मग मी ओरडते आणि मुद्द्याचं राहूनच जातं. शिवाय तुझा फोन वसतिगृहाच्या ऑफिसात, म्हणजे निम्म्या मुली कान लावून बसणार. तेव्हा आपलं पत्रच बरं.

बातमी अशी, की डाग गेले. गेल्या वर्षी आतड्यातली गाठ काढली तेव्हाच कॅन्सर यकृतात पोचलाय आणि तिथे तीन डाग आहेत असं निघालं होतं, हे तुला मी वेगळं सांगायला नको. तेव्हा महिनाभर तूच माझ्या उशाशी होतीस. त्यानंतर शिरेतून जे औषध घेत आले, ज्याने तोंडाची चव गेली आणि ब्रश धरताना बोटांना मुंग्या येतात, त्याने काम केलं. नव्या स्कॅनमध्ये तीनातले दोन डाग दिसतच नाहीत. तिसरा आहे, पण वाटाण्याएवढा. आणखी थोडं औषध घेतलं की तोही जाईल, एवढा हिशोब मला डॉक्टर न होताही येतो. यकृताच्या ऑपरेशनचं जे चाललं होतं ते आता बारगळलं असं समज. सर्जनबाईंना पुढच्या आठवड्यात भेटायचंय, तेव्हा सांगून टाकते.

घरी आले ती तडक पलंगाखाली शिरले आणि जुन्या स्कॅनच्या फिल्मा बाहेर काढल्या. आम्हा पाट्या रंगवणाऱ्यांना दवाखान्याची फिल्म म्हणजे सोनं. स्टेन्सिल कापायला तिच्यासारखा माल नाही. ना फाटते, ना रंग पिते. एरवी मी रद्दीवाल्याकडे हात पसरते, आणि इथे माझ्याच पलंगाखाली एवढा माल पडलेला. इतके महिने भीतीने हात लावला नव्हता. आज लावला. तू ब्लँकेटांवर वसतिगृहाचं नाव छापायला स्टेन्सिल मागत होतीस ना, ते ह्यातूनच कापलं. सोबत पाठवते आहे. खालची एक पट्टी जास्तीची होती, ती शेजारच्या कुलूपवाल्याने मागून घेतली. लोक दार ओढून घेतात आणि किल्ली आत विसरतात, तेव्हा फटीत अशी पट्टी सरकवून तो लॅच उघडतो. माझ्या दुखण्याचा कुणाला तरी उपयोग झाला.

आज फार दिवसांनी भूक लागली आहे. तू मुलींच्या चादरी मोजायचं सोडून जरा हस.

तुझी नणंद (तीही सगळ्यात लाडकी, कारण एकुलती एक)


१७ फेब्रुवारी

अहो वन्सं,

लग्न होऊन मी घरात आले त्या दिवशी सातवीतल्या एका मुलीने मला दारातच बजावलं होतं, की मला नावाने हाक मारायची नाही, वन्सं म्हणायचं. ती सवय काही गेली नाही. त्या मुलीला भूक लागल्याचं वाचून मी खरोखर हसले.

स्टेन्सिल पोचलं. अक्षरं तुझीच, लांबूनही ओळखू येतात. रविवारी चार मुलींना हाताशी घेऊन सगळी ब्लँकेटं अंगणात पसरली आणि काळ्या रंगाने नावं छापली. एका ब्लँकेटवर एकीने नाव उलटं छापलं, ते मी माझ्यासाठी ठेवून घेतलं.

डाग दिसत नाहीत हे वाचून बरं वाटलं. सर्जनबाई काय म्हणतात ते लगेच कळव. त्या सांगतील तेच कर आणि त्यांच्याशी वाद घालू नकोस. आज जास्त लिहीत नाही, ऑफिसात कामं साठली आहेत. जेवत राहा.

वहिनी


२२ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं एवढं आखूड पत्र मी पहिल्यांदाच पाहिलं. मी उड्या मारत लिहिते आणि तू मला "बरं वाटलं" म्हणतेस, जसं काही माझी सर्दी गेली. पण ते असो. आज मला तुझ्याशी भांडायला वेळ नाही, कारण माझं दुसऱ्या बाईशी भांडण झालंय.

सर्जनबाई म्हणतात ऑपरेशन करायचंच, आणि महिन्याभरात करायचं. मी म्हटलं, अहो, दोन डाग गेले. त्या म्हणाल्या, "गेले असं नाही, आपल्याला दिसत नाहीत." औषधाने डाग इतका बारीक होतो की स्कॅनमध्ये उमटत नाही, पण त्या जागी कॅन्सर पुष्कळदा जिवंत असतो आणि औषध थांबलं की पुन्हा डोकं वर काढतो. बरं, आणखी औषध देत राहायचं तर माझं यकृतच आता थकलंय. म्हणून वाटाण्याएवढा तिसरा तर काढायचाच, पण ह्या दोन रिकाम्या जागाही कापून काढायच्या. वर मला समजावतात, की यकृत हा एकच अवयव असा आहे, की थोडा कापला तरी उरलेला वाढून भरून येतो, काळजी करू नका. मी म्हटलं, जे दिसत नाही ते तुम्ही काय कापणार? भिंतीवर डागच नसेल तर मी कुठे पांढरा रंग मारणार?

तर त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. म्हणूनच मला औषधाच्या आधीच्या फिल्मा पाहिजेत. डाग नेमके कुठे होते ते त्यात दिसेल. मागे मी बघून तुम्हालाच परत दिल्या होत्या."

आता सांग, मी काय उत्तर देऊ? म्हटलं, बाकीच्या आहेत, पण यकृताची होती नेमकं तिचंच स्टेन्सिल झालं. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. सीडी असेल ना, म्हणाल्या. सीडी होती. पारवे बसू नयेत म्हणून मी ती खिडकीत टांगली होती, उन्हाने तिचा पापुद्राच निघालाय. जिथे स्कॅन काढला होता ते केंद्र म्हणावं तर केव्हाच बंद पडलं, तिथे आता फर्निचरचं दुकान आहे. कागदावरचा रिपोर्ट आहे, पण त्यात नुसतं कुठल्या भागात ते लिहिलंय. "भाग म्हणजे गल्ली झाली," बाई म्हणाल्या, "मला घर नंबर पाहिजे."

मी उठून आले. मला वाटतं हा एक इशाराच आहे. फिल्मा नाहीत, डाग नाहीत, तर ऑपरेशनही नाही. मला बरं वाटतंय. कालच मी एका बेकरीची अख्खी पाटी शिडीवर उभं राहून रंगवली. धडधाकट माणसाचं पोट कापायचं म्हणजे काय? तू माझ्या बाजूने आहेस ना? बाईंना मी तसं कळवून टाकते. तुझं उत्तर येईपर्यंत थांबते, एवढाच तुझा मान.

नणंद


२६ फेब्रुवारी

वन्सं,

मी तुझ्या बाजूने आहे, म्हणून आता जे लिहिते ते शांतपणे वाच. शिडीवर वाचू नकोस.

ह्यांच्या शेवटच्या आजारपणात मधे एक महिना असा आला होता, जो तुला माहीत नाही. ह्यांचाही आजार आतड्यातून यकृतात गेला होता, तेवढं तुला ठाऊक आहे. तुला आम्ही सांगितलं की फार उशिरा कळलं, काही करण्यासारखं उरलं नव्हतं. तसं नव्हतं. तेव्हा यकृतात एकच डाग होता. औषध सुरू झालं आणि तुझ्यासारखाच तो स्कॅनमध्ये दिसेनासा झाला. आमच्या डॉक्टरांनी तरीही सर्जनकडे जायला सांगितलं होतं, भेटीचा दिवसही ठरला होता. हे म्हणाले, "जे दिसत नाही ते कापणार काय?" तुझ्या पत्रात हेच वाक्य आलं तेव्हा मी कागद खाली ठेवला. भावंडं कशी एकाच साच्यातली असतात.

आम्ही गेलो नाही. मलाही ते पटलं होतं, कारण ते पटावं असं मला फार वाटत होतं. तुला कळवायचं नाही असं ह्यांनीच ठरवलं. म्हणाले, पूर्ण बरा झालो की एकदम दारात जाऊन उभा राहीन, तिचं तोंड बघायचंय मला. पण पुढच्याच स्कॅनमध्ये तो डाग त्याच जागी परत आला, आणि एकटा आला नाही. तेव्हा मात्र खरंच काही करण्यासारखं नव्हतं. मग तुला कळवलं.

जाताना ह्यांनी मला सांगितलं होतं, तिला हे कधी सांगू नकोस, ती माझ्यावर चिडेल. मी इतकी वर्षं ते पाळलं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच लिहायला हवं होतं, पण तुझा आनंद पाहून हात चालेना. आज पाळत नाही. तू चीड, हवी तेवढी चीड. पण त्या टेबलावर चढ.

ऑपरेशन झालं असतं तर हे वाचले असते, असं मी म्हणत नाही. ते कुणीच सांगू शकत नाही. एवढंच, की त्यांनी जो दरवाजा उघडून पाहिला नाही, तो तू पाहावास.

स्टेन्सिल वेगळ्या पार्सलने परत पाठवते आहे. त्यावर आमचा काळा रंग बसलाय. एक कोपरा थिनरने पुसून पाहिला, तर रंगाबरोबर खालचं चित्रही निघालं. घाबरून तिथेच थांबले. उजेडासमोर धरलं की रंगाच्या मधून यकृत दिसतं, असं मला वाटतं. पण मला यकृत काय नि पाव काय, सारखंच. तू रंगाची माणूस आहेस, ते तूच बघ. आणि त्या कुलूपवाल्याला पट्टी विचार.

तुझी वहिनी


७ मार्च

प्रिय वहिनी,

चिडले. दोन दिवस दुकान उघडलं नाही, फोन उचलला नाही, पलंगावर पडून दादावर चिडले. माझं तोंड बघायचं होतं म्हणे. मग तुझ्यावर चिडले. मग रडले, ते बराच वेळ चाललं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुलूपवाला दार ठोकायला लागला. मी गप्प राहिले. त्याला वाटलं मी आत बेशुद्ध पडले. बघता बघता दाराच्या फटीतून एक पट्टी आत आली, लॅच उचलली आणि दार उघडलं. दारात तो, हातात पट्टी, चेहरा पांढराफटक. मी उठून त्याच्या हातातून पट्टी ओढून घेतली तेव्हा त्याला वाटलं मी मारायलाच आले. पट्टीवर ओरखडेच ओरखडे, पण खिडकीपाशी धरली तर त्यात चित्रांची एक रांग शाबूत होती. माझंच यकृत माझ्या दाराच्या फटीतून घरात आलं होतं. किती दरवाजे उघडलेस हिने, विचारलं, तर म्हणाला, "मोजले नाहीत, पण एकदाही वाकली नाही. चांगल्या मालाची आहे."

तुझं स्टेन्सिल त्याच दिवशी आलं. एका टाकाऊ फिल्मवर आधी तोच काळा रंग मारून, वाळवून, कशाने काय निघतं ते पाहिलं. थिनरने चित्र जातं, तुझं बरोबर होतं. रॉकेलच्या ओलसर बोळ्याने, घासायचं नाही, नुसतं टेकवायचं आणि उचलायचं, असं केलं की रंग सुटतो आणि चित्र राहतं. दुपारभर तेच करत बसले. तोपर्यंत मला माझ्या यकृताचा कोपरान्‌कोपरा पाठ झाला होता.

बाईंकडे घेऊन गेले. कुलूपवालाही आला, त्याला पट्टी परत पाहिजे होती. बाईंनी स्टेन्सिल उजेडाच्या पेटीवर लावलं, खाली पट्टी जोडली. वसतिगृहाच्या नावाच्या भोकांमधून पांढरा उजेड येत होता. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली. मग स्टेन्सिलवर एक बोट ठेवलं, "हा." पट्टीवर एक ठेवलं, "आणि हा." मोठ्या शिरेपासून किती अंतर ते फूटपट्टीने मोजून कागदावर काढून घेतलं. त्यांच्या त्या चित्रातली रेघ माझ्यापेक्षा वाईट होती, पण मी काही बोलले नाही. बघ, सुधारले.

मग मी विचारलं, "बाई, खरंच करायचं?" त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला शब्द देऊ शकत नाही. पण तुमच्यासारख्यांना पूर्ण बरं व्हायची सर्वांत चांगली संधी ह्यातच असते. माझी बहीण असती तर मी केलं असतं."

ह्याच महिन्याच्या शेवटी दिवस धरलाय. तू ये. आणि वहिनी, मी टेबलावर चढते आहे ते माझ्यासाठी किती, मला सांगता येत नाही. तुला त्याच आजारासाठी दुसऱ्यांदा सुतक धरायला लागू नये, हे जास्त मनात आहे.

नणंद


१८ एप्रिल

वन्सं,

सुखरूप पोचले. तुला सोडून निघताना जीव घोटाळत होता, पण कुलूपवाल्याने तुझ्या औषधांच्या वेळा आपल्या दुकानाच्या फळ्यावर खडूने लिहून घेतलेल्या पाहिल्या आणि निर्धास्त झाले. तू झोपेत असताना त्याने तुझ्या दाराची लॅच बदलली, नवी पट्टीने उघडत नाही. किल्ली माझ्याकडेही एक दिली आहे.

तू गुंगीत होतीस, म्हणून त्या दिवसाचं तुला सांगते. सकाळी तुला आत नेलं आणि मी आणि कुलूपवाला बाहेरच्या बाकावर बसलो. किती वेळ गेला ते बघायचं नाही असं ठरवून घड्याळ पर्समध्ये टाकलं. समोरच्या बाकावरची बाई कुरकुरत होती, की किती ताटकळत ठेवतात माणसाला. मला मात्र वेगळंच वाटत होतं. ह्यांच्या वेळी मी अशा बाकावर बसलेच नव्हते. वाट बघण्यासारखं काही आम्हाला मिळालंच नाही. ह्या वेळी आत कुणीतरी तुझ्यासाठी झटत होतं आणि मला बाहेर वाट बघायला मिळाली होती. मी त्या बाकावर बसून मनातल्या मनात सगळ्यांचे आभार मानत होते. सर्जनबाईंचे, भूल देणाऱ्याचे, रक्त देऊन गेलेल्या अनोळखी माणसांचे, फरशी पुसणाऱ्या बाईचे.

दुपार उलटल्यावर सर्जनबाई बाहेर आल्या. टोपीचा वळ कपाळावर उमटला होता. म्हणाल्या, वाटाणा निघाला. हरवलेल्यांपैकी एकाची जागा यकृतावर सोनोग्राफीचं यंत्र टेकवल्यावर सापडली. दुसऱ्या जागी मात्र यंत्रालाही काही दिसेना, हाताला काही लागेना. तिथे त्यांनी फिल्मवरून काढलेलं माप धरलं आणि तेवढा भाग काढला. "कुठला? ब्लँकेटवरचा की दारातला?" कुलूपवाल्याने विचारलं. दारातला, त्या म्हणाल्या. तो बाकावर बसला आणि त्याने तोंड रुमालात घातलं.

आता पोटावर हात न ठेवता खोकू नकोस, उशी धर. आणि तपासणीचा रिपोर्ट आला की पहिलं मला. चांगला असो, वाईट असो, जसा आहे तसा. आपल्या घरात आता आखूड पत्रं पुरे झाली.

वहिनी


२ मे

प्रिय वहिनी,

रिपोर्ट आला. जसा आहे तसा सांगते.

बाईंनी मला समोर बसवून एकेक ओळ वाचून दाखवली. वाटाण्यात कॅन्सर होता, ते ठरलेलंच. यंत्राने शोधून काढलेल्या जागेत नुसता वण होता, औषधाने तिथला सगळा मारला होता. आणि जी जागा कुणालाच दिसली नाही, यंत्राला नाही, हाताला नाही, जिथे नुसत्या त्या ओरखडलेल्या पट्टीच्या भरवशावर कापलं, तिथे जिवंत पेशी होत्या. थोड्याच, पण जिवंत. पूर्णच्या पूर्ण निघाल्या, भोवतीची कड स्वच्छ आहे. बाई म्हणाल्या, "ही राहिली असती तर वर्षभरात आपण पुन्हा भेटलो असतो, आणि ती भेट चांगली झाली नसती." पुढे दर तीन महिन्यांनी स्कॅन आहे, कितीतरी वर्षं. परत येणारच नाही असं त्यांनी म्हटलं नाही आणि मीही म्हणायला लावलं नाही. उरलेलं यकृत मात्र कामाला लागलंय, जवळजवळ भरून आलंय म्हणे. आमच्या खानदानात एवढा कामसू कोणी नव्हता.

मी बाईंच्या पाया पडायला वाकले तर पोटातले टाके बोलले. त्यांनीच मला धरून सरळ केलं. म्हणाल्या, पाया पडायचं तर तुमच्या वहिनींच्या पडा, त्यांनी ती पट्टी आठवून दिली नसती तर काय केलं असतं. त्यांना फक्त फिल्मचं माहीत आहे. तू दुसरं काय केलंस ते त्यांना माहीत नाही.

ते मी सांगते. दादाला दिलेला शब्द तू मोडलास. वर्षानुवर्षं जे गिळून बसली होतीस ते माझ्यासाठी पुन्हा वर काढलंस, आणि मी तुझ्याशी कायमचं तोंड फिरवीन ही जोखीम घेऊन काढलंस. दादा गेल्यावर तू मला धरून राहायलाच हवं होतंस असं काही नव्हतं. त्याच्यामुळे आपण एकमेकींच्या होतो आणि तो राहिला नव्हता. तू पत्रं लिहीत राहिलीस, आजारात आलीस, उशाशी बसलीस. मी तुझे आभार कधी मानले नाहीत, वन्संने मानायचे नसतात असं समजून. आज मानते. मनापासून मानते, वहिनी.

दादाला ऑपरेशन मिळालं नाही. पण त्याच्यामुळे मला मिळालं. ह्याचं काय करायचं ते मला अजून कळत नाही. हसावं असंही वाटतं आणि डोळेही भरतात, आणि दोन्ही केलं की पोट दुखतं.

चिडून झालंय माझं. आता एक मागणं आहे. तो महिना, जो तुम्ही दोघांनी माझ्यापासून लपवला, तो मला लिहून पाठव. सगळा लिही. तो सकाळी किती वाजता उठायचा, जेवायचा का, चालताना गुणगुणायचा का, माझ्या दारात येऊन काय म्हणायचं असं त्याने ठरवलं होतं. पुढे काय झालं ते मला ठाऊक आहे, ते नको. त्या महिन्यात माझा दादा स्वतःला बरा झालेला समजत होता. मला शेवटचा आठवतो तो अंथरुणाला खिळलेला. तुझ्याजवळ तो हसताना आहे. तो मला दे.

तुझी
वन्सं